लखलखीत नळ्या : वापरलेल्या दुनळी बंदुकीच्या खरेदीचं एक प्रकरण

देवगड तालुक्यातल्या एका बागायतदाराला बारा बोअरची दुनळी घ्यायची होती. नात्याने तो माझा चुलतभाऊ, वयाने माझ्याहून लहान. इथे त्याला नुसतं भाऊ म्हणतो. कातळावर हापूसची कलमं, उतरणीला काजू, वहाळाच्या कडेने थोडं भात, असा त्याचा पसारा. पीकसंरक्षणासाठी वडिलांच्या वेळेपासून घरात ठासणीची बंदूक होती. पावसाळी रात्री दारू सर्द होते, बार फुसका जातो, आणि गेलाच तर दुसरा ठासून होईपर्यंत रानडुकरं पलीकडच्या कुणग्यात पोचलेली असतात. म्हणून त्याने काडतुसाच्या बंदुकीसाठी अर्ज केला आणि तो मंजूर झाला.

इथे कायद्याचं थोडं सांगायला हवं, कारण बंदूक निवडण्याची चौकट तिथूनच ठरते. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ प्रमाणे पीकसंरक्षणासाठी मुळात ठासणीच्याच बंदुकीचा परवाना मिळतो. ती पुरेशी नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मंजूर करता येते. मात्र तिची नळी किमान २० इंच लांब हवी. आणि पीकसंरक्षणाचा परवाना हा शिकारीचा परवाना नव्हे. १९७२ चा वन्यजीव कायदा त्याच्याबरोबर लागू असतोच. रानडुकरावर बार टाकायचा तरी वनखात्याची परवानगी लागते. भाऊला हे सगळं ठाऊक होतं. त्याला हवी होती ती पावसात दगा न देणारी, दोन बार लागोपाठ काढता येतील अशी बंदूक.

बंदूक सापडली वेंगुर्ल्याच्या किनाऱ्याजवळच्या एका घरातली. घरधनी वारले होते, मुलगा मुंबईला, त्याला ती नको होती. शस्त्र अधिनियमाच्या कलम २१ मध्ये सांगितल्याप्रमाणे त्यांच्या पत्नीने, म्हणजे काकींनी, ती एका परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केलेली. अशी जमा बंदूक वारस स्वतः विकू शकतो. घेणाऱ्याकडे परवाना हवा, आणि विक्रीची लेखी सूचना जिल्हादंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला देऊन ४५ दिवस थांबावं लागतं. बनावट इंग्लंडची, बर्मिंगहॅमची, हॅमरलेस म्हणजे घोडे आत दडलेले, नळ्या ३० इंची. मागणी ९० हजारांची. सैन्यात मी आर्मरर, म्हणजे शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणारा, म्हणून नोकरी केली असल्यामुळे गावात कोणी बंदूक घेताना मला बरोबर नेतात. भाऊनेही नेलं.

विक्रेत्याच्या टेबलावर बंदूक आली तेव्हा भाऊचा चेहराच खुलला. नळ्या काळ्याभोर, दस्त्याला नवं पॉलिश. त्याने बंदूक उघडून नळ्या उजेडाकडे धरल्या आणि म्हणाला, "दादा, बगलंस? आतसून कशी लखलखता! ह्या वयात इतकी सोच्च नळी गावाची नाय."

माझं लक्ष तिथेच अडकलं. ही बंदूक सत्तर-ऐंशी वर्षांची. त्यातली बरीच वर्षं समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात, जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो अशा जिल्ह्यात गेलेली. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या रसायनात पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार झाला की त्याचं क्लोराइड नळीत उरतं, आणि ते मिठासारखंच हवेतलं पाणी ओढून घेतं. बार काढून रात्री तशीच खुंटीला लावलेली बंदूक आमच्याकडच्या आषाढात काही दिवसांत आतून गंजू लागते. वर आपल्याकडे पुसायला खोबरेल. थंडीत ते थिजतं, जुनं झालं की चिकट होतं, आणि त्याखाली गंज निवांत वाढतो. अशा बंदुकीच्या नळीत थोडे खड्डे दिसले असते तर मला बरं वाटलं असतं. एकही नव्हता. याचा अर्थ ते कोणीतरी घासून काढले होते, आणि खड्डा घासून काढायचा म्हणजे त्याच्या भोवतीचं पोलाद खड्ड्याच्या तळापर्यंत उतरवायचं.

पण आधी कागद. परवान्यावरचा नंबर, ॲक्शनच्या (नळ्या जिथे बसतात आणि आत घोडे-चाप असतात त्या भागाच्या) पट्टीवरचा, नळ्यांच्या बुडाशी असलेला आणि पुढच्या लाकडाच्या लोखंडावरचा, असे चारही नंबर जुळले. दिवंगत मालकाच्या परवान्याला राष्ट्रीय नोंदणीतला युनिक नंबरही होता. एवढं जुळलं की त्या बाजूचा प्रश्न मिटतो. जुळलं नसतं तर नळ्या पाहायलाच मी बसलो नसतो. परवान्यावरचा नंबर आणि बंदुकीवरचा नंबर वेगळा असेल, तर ती बंदूक कितीही चांगली असो, घेणाऱ्याच्या गळ्यात पोलीस ठाण्याच्या खेपा पडतात.

मग सांधा. पुढचं लाकूड काढून ठेवलं, बंदूक बंद केली, दस्ता काखेत धरून नळ्या डावी-उजवीकडे हलवल्या. किंचित खुळखुळ जाणवली. नळ्यांचं बूड आणि ॲक्शनची भिंत यांच्या फटीतून खिडकीच्या उजेडाची बारीक रेघ दिसली. उघडायची वरची खिटी नव्या बंदुकीत बंद केल्यावर मधल्या रेषेच्या थोडी उजवीकडे थांबते. झिजत गेली की मध्यावर येते, मग डावीकडे सरकते. ही डावीकडे गेली होती. हे दुरुस्त होतं, चांगला कारागीर हूकवर, म्हणजे नळ्या ॲक्शनला अडकतात त्या आकड्यावर, धातू चढवून सांधा पुन्हा बसवतो. त्याला पैसे लागतात एवढंच. चाप, सेफ्टी, दोन्ही पिना मी खोटी काडतुसं घालून पाहिल्या. दस्ता रबराच्या चटईवर आपटून एकही घोडा आपोआप सुटला नाही. दस्त्याच्या मनगटाला, म्हणजे मूठ धरतो त्या बारीक भागाला, तडा नव्हता. हा सगळा भाग चांगला होता.

रिबवरची, म्हणजे दोन नळ्यांमधल्या लांब पट्टीवरची, अक्षरं पाहिली तेव्हा दुसरी शंका पक्की होऊ लागली. बनवणाऱ्याच्या नावाच्या कडा बोथट झाल्या होत्या, एका अक्षराची शेपटी जवळजवळ पुसलेली. नळ्या बाहेरूनही घासल्या होत्या. आणि वरचा रंग हा जुन्या पद्धतीने, गंज चढवून उकळत्या पाण्यात काळा केलेला, मंद रंग नव्हता. तो गरम कॉस्टिकच्या टाकीत बुडवून केलेला चकाकता रंग होता. रायफलीला, पिस्तुलाला तो चालतो. दुनळीच्या दोन नळ्या आणि मधल्या रिबा मात्र कथलाच्या डाकाने जोडलेल्या असतात. गरम कॉस्टिक तो डाक खातं, आणि रिबेखाली शिरलेला क्षार पुन्हा बाहेर निघत नाही. आमच्या हवेत तो आतून काम करत राहतो.

नळ्या वेगळ्या केल्या, हूकला बोट अडकवून लोंबत्या धरल्या आणि लाकडाच्या दांडीने हलकेच ठोकल्या. डाक पक्का असेल तर आवाज देवळातल्या घंटेसारखा लांबत जातो. इथे तो मध्येच मोडला. रिबेच्या तोंडाकडच्या बाजूला नखाने दाबल्यावर तेलाचा एक थेंब वर आला. तिथे डाक सुटला होता.

आता नळ्यांच्या बुडाखालच्या सपाट भागावरच्या प्रूफच्या खुणा. हा या प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ पासून चालू आहे. तिथे प्रत्येक बंदुकीत नेहमीपेक्षा जास्त जोराचं काडतूस उडवून नळी तपासतात आणि टिकली तरच शिक्का मारतात. या शिक्क्यांवरून बंदूक कोणत्या काळातली आणि कोणत्या काडतुसासाठी पास झाली ते वाचता येतं. या बंदुकीवर मुकुटाखाली बीपी, बीव्ही (बर्मिंगहॅमच्या प्रूफची आणि पाहणीची खूण) आणि एनपी (नायट्रो प्रूफ, म्हणजे बिनधुराच्या दारूची कसोटी) होतं. नायट्रो प्रूफचं वाक्य होतं, त्यात छर्र्यांचं कमाल वजन १⅛ औंस. आणि चेंबरची, म्हणजे काडतूस बसतं त्या नळीच्या बुडाकडच्या भागाची, लांबी २½ इंच. चेंबरची लांबी अशी लिहिण्याची पद्धत १९२५ च्या नियमांनी आली, आणि १९५४ नंतरच्या बंदुकांवर दाब टनांत लिहिलेला असतो. इथे टन नव्हते. म्हणजे बंदूक या दोन सालांच्या मधली. नळीच्या आतल्या मापाचा आकडा साधा १२ होता, म्हणजे प्रूफच्या वेळी बुडापासून ९ इंचांवर व्यास किमान ०.७२९ इंच, पण ०.७४० हून कमी. ०.७४० झाला असता तर आकडा १२/१ पडला असता.

विक्रेत्याकडे चेंबर गेज आणि नळीचं आतलं माप घेणारं डायल गेज, दोन्ही होतं. ही हत्यारं ज्याच्याकडे नाहीत त्याच्याकडे जुनी दुनळी घ्यायला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

चेंबर गेज उजव्या नळीत सोडलं. २½ इंचांवर थांबायला हवं होतं. ते सरळ २¾ इंचांपर्यंत गेलं. डाव्या नळीतही तसंच. कोणीतरी चेंबर रीमरने, म्हणजे भोक आतून कातणाऱ्या हत्याराने, लांब केले होते, ६५ मिलिमीटरचे ७० केले होते. त्यानंतर पुन्हा प्रूफ झाल्याची एकही खूण नळ्यांवर नव्हती.

भाऊने विचारलं, "मगे काय झाला? आता बाजारात मिळतत ती सगळी सत्तरचीच काडतुसा. उलट बराच नाय?"

प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तर नीट द्यायला हवं होतं. काडतुसावर लिहिलेली लांबी बार झाल्यावरची, म्हणजे तोंडाची घडी उलगडल्यानंतरची असते. म्हणून ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये सहज बसतं आणि बंदूक बंदही होते. बार होताना मात्र घडी उलगडायला जागा नसते, ती पुढच्या निमुळत्या भागात शिरते, वाट आवळते आणि दाब चढतो. हे टाळायला चेंबर लांब करतात, इथवर विचार बरोबर आहे. पण लांब करताना पोलाद निघतं, आणि ते निघतं नेमकं तिथून जिथे दाब सर्वांत जास्त असतो. मूळ जाडीवर पास झालेली नळी आता त्या जाडीची राहिलेली नाही. आणि ७० ची काडतुसं १⅛ औंसाहून जड भरणीचीही मिळतात. नळीवरचा शिक्का त्यांना लागू होतच नाही.

डायल गेजने उजवी नळी बुडापासून ९ इंचांवर ०.७३५ दाखवली. घासलेली, पण हद्दीत. डावी ०.७४२. म्हणजे डावी नळी प्रूफच्या बाहेर गेली होती, कायद्याने इंग्लंडमध्ये ती विकताही आली नसती. दुकानातल्या कारागिराने भिंतीची जाडी मोजली, तर डाव्या नळीत एका ठिकाणी ०.०१८ इंच भरली. ०.०२० च्या खाली गेलेली नळी चांगले कारागीर हातात घ्यायला तयार नसतात.

मी भाऊला बंदूक खांद्याला लावून धरायला सांगितली आणि त्याचा डावा हात कुठे आहे ते दाखवलं. पुढच्या लाकडाखाली, चेंबरच्या थोडा पुढे. नळी फाटली तर फाटते तिथे, आणि बोटं तिथेच असतात. त्याच्या घरात दोन लहान मुलं आहेत आणि बागेत बार काढायला कधी कधी त्याचा बारावीतला पुतण्या बरोबर असतो. हे मी बोललो नाही. त्याला ते बोलण्याआधीच कळलं होतं. बंदूक त्याने हळूच टेबलावर ठेवली.

विक्रेता भला माणूस. त्याने एवढंच म्हटलं की मालकांनी हिच्यातून सत्तरची काडतुसं वापरली असणारच, कधी काही झालं नाही. झालं नसेलही. प्रूफच्या कसोटीत नळीला एकदा, माणूस दूर उभा असताना, जास्तीचा दाब देतात. त्यावरून पुढच्या साध्या बारांसाठी किती उरलंय याचा अंदाज मिळतो. इथे तो अंदाजच कोणाला देता येत नव्हता. उरलेली जाडी एका जागी मोजली, दुसऱ्या जागी तशीच असेल याची खात्री नाही, रिबेखाली काय चाललंय ते दिसत नाही.

किमतीचं बोलणं यानंतर झालं, आणि ते तसंच नंतर व्हावं.

९० हजार हा आकडा काकींनी हवेतून काढलेला नव्हता. त्याच नावाची बंदूक मुंबईतल्या ओळखीच्या कोणी तेवढ्याला विकली होती. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून परदेशी बंदुकांची आयात सामान्य परवानाधारकाला जवळजवळ बंद झाली, तेव्हापासून जुन्या इंग्रजी आणि बेल्जियन बंदुकांच्या नावाला किंमत आली. दुसऱ्या बाजूने, शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाकडच्या बंदुकांची मर्यादा तिनावरून दोनावर आली. ज्यांच्याकडे तीन होत्या त्यांना एक सोडावी लागली, आणि बहुतेकांनी सोडली ती घरातली जुनी बारा बोअरची. मी पाहिलेल्या दुकानांत अशा बंदुका रांगेने उभ्या आहेत. नावाची, मूळ रंगाची, प्रूफमधली दुनळी असेल तर तिला आजही गिऱ्हाईक मिळतं. नुसत्या नावाला मिळत नाही.

ही बंदूक प्रूफमध्ये, मूळ मंद रंगात, आत थोडे खड्डे असलेली अशी असती, तर सांध्याच्या दुरुस्तीचा खर्च वजा करून साठ-पासष्ट हजारांपर्यंत जा असं मी भाऊला सांगितलं असतं. ६५ ची काडतुसं शोधावी लागली असती ती वेगळी. आहे त्या स्थितीत, बार काढायची बंदूक म्हणून, मी तिची किंमत काहीच लावली नाही. दस्ता, लॉक, चाप, ॲक्शन हे भाग चांगले. कारागिराच्या दृष्टीने त्यांचं मोल आहे. विक्रेत्याने त्या भागांसाठी म्हणून १५ हजार बोलले. माझ्या मते तो आकडा प्रामाणिक होता.

नळ्या बदलता येतील का, असं भाऊने विचारलं. इंग्लंडमध्ये जुन्या नळ्यांचं बूड ठेवून नव्या नळ्या बसवतात आणि पुन्हा प्रूफला पाठवतात. एका पीकसंरक्षणाच्या बंदुकीसाठी हा मार्ग आपल्याकडून चालण्यासारखा नाही, आणि गावातल्या लेथवर असलं काही करू नये.

काकींकडे आम्ही जाऊन आलो. फोनवर सांगण्यासारखं हे नव्हतं. त्यांनी कपाटातून एका कारागिराची जुनी पावती काढून दाखवली: नळ्या साफ करणे, चेंबर करणे, काळा रंग, दस्ता पॉलिश. "ह्येंनी ती खूप जपल्यानी," त्या म्हणाल्या. "शेवटाक मुद्दाम न्हेवन सगळा नवा करून हाडल्यानी." मला ती पावती हातात धरवेना. त्या माणसाने बंदुकीवर मनापासून पैसा घातला होता, आणि त्या एका खेपेत तिच्या नळ्या गेल्या होत्या. काकींना मी गेजची मापं कागदावर लिहून दिली आणि प्रत्येक आकडा काय सांगतो ते समजावलं. त्यांनी दोनदा विचारलं ते इतकंच, की दुसऱ्या कोणी घेतली तर त्याला इजा होईल का. होऊ शकते, असं सांगितलं.

त्यांनी भाऊला ती विकली नाही, म्हणजे विकायला त्याच तयार झाल्या नाहीत. १५ हजारांना भागांसाठी द्यायलाही त्यांचं मन होईना. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. घरातली आठवण म्हणून ठेवायची तर तो मार्ग मुलाला खुला आहे. मुलाशी बोलून ठरवते म्हणाल्या, तोवर बंदूक विक्रेत्याकडेच जमा. मापांच्या कागदाची एक प्रत विक्रेत्याने त्या बंदुकीच्या नोंदीला टाचून घेतली, "चेंबर लांबवलेले, डावी नळी प्रूफबाहेर, बार काढू नये" असं वर लाल शाईने लिहून.

भाऊने पुढे त्याच विक्रेत्याकडची भारतीय बनावटीची दुनळी पाहिली. तिच्यावर नाव नव्हतं की नक्षी नव्हती. दस्त्यावर ओरखडे, रंग जागोजाग उडालेला, उजव्या नळीत चेंबरच्या पुढे उथळ खड्ड्यांचा एक पट्टा. चेंबर मुळातच ७० चे, आतलं माप दोन्ही नळ्यांत शिक्क्याशी जुळणारं, खिटी अजून उजवीकडे, ठोकल्यावर आवाज स्वच्छ. एका चापाची ओढ जड होती, ती विक्रेत्याने करून द्यायचं ठरलं. सौदा २८ हजारांत झाला. घरी आणल्यावर चामड्याच्या पिशवीत ठेवायची नाही, ती ओल धरते; पावसाळ्यात बार निघो न निघो, आठवड्याला एकदा नळ्यांतून कोरडं फडकं आणि मग बंदुकीचं खनिज तेल फिरवायचं, आणि निवडणुकीच्या काळात ठाण्यात जमा करायची वेळ आली तर नळ्यांत जाड तेल लावून पावतीवर बंदुकीची स्थिती लिहून घ्यायची, एवढं मी त्याला सांगितलं. खोबरेलाची बाटली त्याने बंदुकीच्या फळीवरून काढून स्वयंपाकघरात नेऊन ठेवली आहे.